चामखीळ पडली, पण कशामुळे?

सोलापुरात मुलाच्या बोटावर चामखीळ दिसली की डॉक्टरांच्या आधी शेजारीपाजारी उपाय सांगतात: घोड्याचा केस बांधा, चुना-सोडा लावा. केस बांधल्यावर चामखीळ पडली, हे खोटे नसते. पण काहीही न करता साधारण दोन तृतीयांश मुलांच्या चामखिळी २ वर्षांत जातातच. चामखीळ ज्यामुळे होते तो ह्युमन पॅपिलोमा व्हायरस कातडीच्या वरच्याच थरात लपून राहतो, म्हणून शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा उशिरा लागतो. तो लागला की चामखीळ विरते आणि त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल तो भाव खाऊन जातो.

चिकटपट्टीचेच बघा. २००२ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत जाड डक्ट टेपने ८५ टक्के रुग्णांच्या चामखिळी गेल्या, द्रव नायट्रोजनने गोठवून ६० टक्के. रुग्ण जेमतेम ५१ आणि उपचार न दिलेला गट नव्हताच. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये ४ ते १२ वर्षांच्या १०३ मुलांवर पुन्हा पडताळा घेतला. ६ आठवड्यांनी टेपने १६ टक्के, नुसत्या दिखाऊ पट्टीने ६ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

२०१० च्या डच चाचणीत मात्र 'नुसती वाट पाहा' असाही एक गट होता. १३ आठवड्यांनी साध्या (बहुधा हातावरच्या) चामखिळी गोठवून ४९ टक्के, कातडी सोलणाऱ्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडने १५ आणि वाट पाहून ८ टक्के रुग्णांच्या गेल्या. तळपायाच्या चामखिळींचे आकडे ३०, ३३ आणि २३, म्हणजे फारसा फरक नाही. शिवाय गोठवताना चांगलेच दुखते. लहान मुलाला त्यासाठी धरून बसवण्याआधी चामखीळ हातावर आहे की तळपायावर, हे बघावे.

तळपायावर असेल तर आधी ते कुरूप (दाबाने कठीण झालेली कातडी) नाही ना, याची खात्री हवी. कुरूप सरळ दाबल्यावर दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर. चामखिळीवर कातडीच्या रेषा तुटतात आणि वरचा थर घासला की काळे ठिपके दिसतात. ती मुळे नव्हेत, गोठलेल्या रक्ताच्या बारीक केशवाहिन्या.

घरी करायचे तर डॉक्टरांना दाखवून १७ टक्क्यांच्या आसपासचे सॅलिसिलिक अ‍ॅसिड घ्यावे. रात्री ५-१० मिनिटे कोमट पाण्यात भिजवून पांढरी मेलेली कातडी घासावी. भोवती व्हॅसलीनचे कडे करून मधोमध एक थेंब लावावा आणि वाळू द्यावा. हे रोज, १२ आठवडे. बहुतेक ठिकाणी फसते ते इथेच: घासायचा कंटाळा, नाहीतर पंधरवड्यात माघार. कातडी लाल होऊन झोंबली तर २-३ दिवस थांबावे. घासायची पट्टी आणि टॉवेल त्या मुलापुरतेच. सोलापुरी टॉवेल कितीही मोठा असला तरी घरात एकच नको. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाटलीतले द्रावण उडून घट्ट होते, म्हणून झाकण पक्के लावावे. ते पेटते, तेव्हा गॅसच्या ओट्यावर ठेवू नये. चेहऱ्यावर आणि गुप्तांगावर ते लावायचेच नाही.

चुना आणि धुण्याचा सोडा ओले एकत्र केले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखिळीबरोबर खालची निरोगी कातडीही जाळतो, आणि तो व्रण २ वर्षांत जात नाही.