बालअद्भुतकथेतील कल्पनाबंध आणि त्यांचे चित्रपटरूप

कथेत वारंवार येणाऱ्या आणि ऐकणाऱ्याला आधीच ओळखीच्या वाटणाऱ्या घटकाला लोकसाहित्याच्या अभ्यासात कल्पनाबंध म्हणतात. घरापासून तुटून परक्या मुलखात पडलेले मूल, वाटेत भेटणारे विजोड सोबती, तीनदाच चालणारी जादू, मंतरलेली वस्तू, दुष्टाचे गुप्त मर्म आणि शेवटी घरी परतणे हे बालअद्भुतकादंबरीतील नेहमीचे कल्पनाबंध होत. कादंबरीचा चित्रपट होतो तेव्हा ते बहुधा टिकतात, पण त्यांचे काम बदलते, कारण कादंबरीत जे सांगितले की भागते ते पडद्यावर दिसावे लागते. एल. फ्रँक बॉम यांची ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ (१९००) ही अमेरिकन कादंबरी आणि तिच्यावरील १९३९ चा चित्रपट यांत हा बदल स्पष्ट दिसतो. त्यात अमेरिकेतील कॅन्ससच्या शेतावर राहणारी डोरोथी ही मुलगी चक्रीवादळाने ऑझ या अद्भुत देशात जाऊन पडते आणि घरी परतण्याची वाट शोधते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी वाचकाला असे कल्पनाबंध दोन भाषांतून भेटतात. आज्जीची कहाणी ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरू होते, तर शेजारच्या कन्नड घरातली गोष्ट ‘ओंदु ऊरल्लि ओब्ब राजा इद्द’ (एका गावात एक राजा होता) म्हणून. राक्षसाचा प्राण मात्र दोन्हीकडे दूरच्या कुठल्या तरी पोपटातच असतो. १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झालेले मासिक कन्नडमध्ये ‘चंदमामा’ आणि मराठीत ‘चांदोबा’ या नावांनी निघू लागल्यावर एकच वेताळ दोन लिप्यांत वाचायला मिळू लागला.

मंतरलेले पादत्राण हा यांतला फार जुना कल्पनाबंध आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ (११ वे शतक) या ग्रंथात मयासुराचे दोन मुलगे एक पात्र, एक काठी आणि आकाशात नेणाऱ्या पादुका यांवरून भांडत असतात. कथेचा नायक पुत्रक त्यांना धावण्याची शर्यत लावायला सांगतो आणि ते धावू लागताच पादुका घालून उडून जातो. बॉमच्या कादंबरीत चक्रीवादळाने उडालेले घर पूर्वेच्या चेटकिणीवर पडते आणि तिचे चांदीचे जोडे डोरोथीला मिळतात. ते पायांत घालून ती सगळा मुलूख तुडवते. टाचा तीनदा आपटल्या की ते हवे तिथे नेतात हे तिला अगदी शेवटी कळते. उपाय पहिल्यापासून जवळच असणे हा स्वतंत्र कल्पनाबंधही इथे त्याच जोड्यांत सामावला आहे. परतताना जोडे पायांतून निसटून वाळवंटात कायमचे हरवतात. चित्रपटात चांदीऐवजी माणकांचे लाल जोडे आले, कारण टेक्निकलर रंगपटात लाल रंग अधिक खुलत होता. कादंबरीतील पश्चिमेच्या चेटकिणीला जोड्यांचा मोह बराच पुढे, डोरोथी तिच्या हाती सापडल्यावर होतो. चित्रपटात ती आरंभीच येऊन ते मागते. त्यामुळे वाटेत सापडलेली वस्तू संपूर्ण कथेच्या संघर्षाचे कारण होऊन बसते.

१९५० च्या दशकात बेळगावात इंग्रजी शिकवणारे कवी व लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी इंग्रजीत आणलेल्या एका कन्नड लोककथेतही जोडे आहेत, पण ते उलट्या वाटेने येतात. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत असते, ती ते कुणालाच सांगत नाही. कोंडमारा असह्य होऊन ती दोन्ही तिच्या तोंडातून निसटतात आणि दाराशी जोडे व खुंटीवर अंगरखा होऊन बसतात. नवऱ्याला संशय येतो, घरात भांडण पेटते. इथे जोड्यांनी कुणी कुठे जात नाही, जोडे हीच न सांगितलेली गोष्ट असते.

विजोड सोबत्यांपैकी बुजगावणे या भागातील वाचकाला सहज जवळचे वाटते. भाताच्या शेतात आडव्या-उभ्या काठीला जुना सदरा चढवून वर काळे मडके उपडे घालतात आणि त्यावर चुन्याने डोळे काढतात. ते करताना पाहिलेल्या मुलाला कादंबरीतील बुजगावण्याची हकीकत नवलाची वाटणार नाही. आपल्याला बनवताना शेतकऱ्याने आधी कान रंगवले, म्हणून डोळे नसतानाच त्याचे बोलणे ऐकू आले, आणि उजवा डोळा रंगवून होताच समोर तो दिसला, असे ते सांगते. चित्रपटाने हा प्रसंग गाळला. ही त्यातली मोठी उणीव मानावी लागेल, कारण निर्जीव वस्तू सजीव कशी होते हे बॉमने इथे एकेका इंद्रियाने दाखवले आहे.

भोंदू राजाचा, म्हणजे ऑझवर राज्य करणाऱ्या खोट्या जादूगाराचा, कल्पनाबंधही चित्रपटात सौम्य झाला. कादंबरीतील पाचूनगरीत प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा कुलूप लावून बसवलेला असतो, म्हणजे हिरवेपणा हीच मुळात फसवणूक असते. चित्रपटात चष्मे नाहीत. नगरीच हिरवी आहे आणि लबाडी पडद्याआडच्या माणसापुरती उरते.

सर्वांत मोठा फरक परतीत आहे. चित्रपटात कॅन्ससचा भाग सेपिया (तपकिरी) छटेत आणि ऑझ रंगीत आहे, शेतावरचे तीन गडीच पुढे सोबत्यांच्या भूमिकांत दिसतात आणि डोरोथी अंथरुणात जागी होते, तेव्हा सारे स्वप्न ठरते. कादंबरीत हेन्रीकाकांनी नवे घर बांधलेले असते, कारण जुने खरोखरच उडून गेलेले असते. हे स्वप्न की खरे, हा प्रश्न आज्जीच्या कहाणीला पडत नाही. ऐकणाऱ्या मुलाने मधूनमधून ‘हूं’ म्हणायचे, तो थांबला की झोपला असे समजायचे. आणि जागा राहिलाच तर ‘ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणून तिने उठायचे.