मांड्यांच्या गावात पिझ्झ्याचं पीठ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पिझ्झा घरी करायचा म्हटलं की धास्ती असते ती यीस्टची. पीठ ताणणं इथे जुनंच. मांड्यांसाठी कणीक तेलपाण्यात तिंबून सैल करायची, आत पिठीसाखरेचं सारण भरायचं, दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि उपड्या तापलेल्या खापरावर टाकायची. ती फाटत नाही ती ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनामुळे. नेपल्सचे पिझ्झावाले गोळा तळव्यांवर थोपटून पसरवतात, तेही याच जोरावर. त्यांच्या या कलेला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मांड्यांना अजून नाही, पण ते असो.

मात्र फुगणारी कणीक आपल्या घरात नव्हती. रोजची ज्वारीची भाकरी, आणि ज्वारीत ग्लुटेन नाहीच. भाकरी फुगते ती वाफेने. या भागातला खपली गहू खिरीला उत्तम, पण त्याचं ग्लुटेन कमकुवत, यीस्टचा वायू धरून ठेवत नाही.

पावाची विद्या इकडे दोन वाटांनी आली असावी. एक गोव्याची: 1510 नंतर पोर्तुगीजांसोबत पाव आला आणि तिथले पोदेर, म्हणजे पाववाले, यीस्टऐवजी माडाची ताडी घालून पीठ आंबवू लागले. दुसरी कॅम्पाची: 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे छावणी वसली आणि छावणीला पाव लागतोच. पण तो राहिला बेकरीतच. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी सांगणाऱ्या समाजात तो स्वयंपाकघरात शिरणार कसा? शिवाय भट्टी कोणाच्या घरी होती?

वाट मोकळी केली कोरड्या यीस्टने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ते तयार झालं, फ्रीजशिवाय टिकणारं. आता ते किराणा दुकानात पाकिटात मिळतं. अर्धा किलो मैद्याला सुमारे 300 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, थोडं तेल. बेळगावच्या थंडीत पीठ दुप्पट व्हायला बराच जास्त वेळ लागतो, घाई करू नये.

नेपल्सच्या लाकडी भट्टीत 450 अंशांच्या वर पिझ्झा दीड मिनिटात होतो. घरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, 250 वर थांबतो. म्हणून घरी कॅल्झोनी, म्हणजे सारण भरून दुमडलेला पिझ्झा, जास्त जमते असं मला वाटतं. करंजीसारखी दुमडून कडा दाबायची, वर वाफेसाठी एक चीर द्यायची. सारण मात्र कोरडंच हवं, नाहीतर तळ ओला राहतो.