डीआरओचा आकडा नेमका कशाचा?

मिलिंग मशीनच्या हँडलावरची डायल टेबलाची हालचाल मोजत नाही, टेबल सरकवणारा लीडस्क्रू किती फिरला ते मोजते. छोट्या बेंचटॉप मशीनमध्ये स्क्रू आणि नट यांच्यात 0.1 ते 0.2 मिमी बॅकलॅश, म्हणजे मोकळी फट, सहज सापडतो. हँडल उलटे फिरवले की तेवढे फिरेपर्यंत टेबल जागचे हलत नाही. त्यात फेरे मोजण्याची कटकट. 2 मिमी पिचच्या, म्हणजे एका फेऱ्यात 2 मिमी सरकवणाऱ्या, स्क्रूवर 37.4 मिमी जायचे म्हणजे 18 पूर्ण फेरे आणि वर 1.4 मिमी. एक फेरा चुकला की जॉब (कापायचा तुकडा) भंगारात.

डिजिटल रीडआउट, म्हणजेच डीआरओ, स्क्रूकडे बघतच नाही, मशीनवर लावलेल्या स्केलवरून (मोजपट्टीवरून) आणि त्यावर सरकणाऱ्या रीडिंग हेडवरून थेट टेबल मोजतो. त्यामुळे बॅकलॅश मापात येत नाही. मशीनमध्ये तो राहतोच, आणि क्लाइम्ब मिलिंगमध्ये (कटरचे दात जॉब सरकतो त्याच दिशेने कापतात तेव्हा) कटरने टेबल ओढून घेतले तर डीआरओ ते फक्त दाखवेल, थांबवणार नाही.

काचेच्या स्केलमध्ये दर 0.02 मिमीला एक अशा बारीक रेषा आखलेल्या असतात. रीडिंग हेडमध्ये एलईडी, तशाच रेषांचा छोटा तुकडा आणि प्रकाश मोजणारे सेन्सर असतात. हेड सरकले की उजेड-अंधाराच्या लाटा उमटतात आणि त्यांतून पाव लाटेच्या फरकाने दोन सिग्नल मिळतात. आधी कोणता आला यावरून दिशा कळते. एका लाटेत दोन्ही सिग्नलांचे मिळून चार चढ-उतार होतात, म्हणून 20 मायक्रॉनचे चार भाग पडून 5 मायक्रॉनची पायरी मिळते. अशा डिस्प्लेचा शेवटचा अंक 0 किंवा 5 च का असतो, त्याचे कारण हेच. ही सगळी मोजणी आहे, त्यामुळे वीज गेलेली असताना टेबल हलले तर हिशेब तुटतो. स्केलवर ठरावीक अंतराने, बहुधा दर 50 मिमीला, असलेल्या संदर्भखुणेवरून तो पुन्हा जुळवता येतो.

डिजिटल व्हर्नियरच्या जातीचे कपॅसिटिव्ह स्केल स्वस्त पडतात, पण कूलंटने ओले झाले की आकडे उड्या मारतात. चुंबकीय पट्टीला तेलाचे वावडे नाही आणि ती बारीक जागेत बसते. मात्र लोखंडी बर (कीस) तिला चिकटतो आणि पुसत राहावे लागते. पुढचे सगळे काचेच्या स्केलबद्दल आहे.

स्केल मागवताना टेबलाच्या प्रवासापेक्षा 30 ते 50 मिमी जास्त मापाचा घ्या. एक्सचा (डावी-उजवीकडचा) प्रवास 400 मिमी असेल तर 450 चा. स्केलची बॉडी मापापेक्षा साधारण 140 मिमी लांब असते, म्हणजे जवळजवळ 590 मिमी. एवढी जागा टेबलावर आहे का ते आधी पाहा. स्केल टेबलाच्या मागे लावला तर त्याच्या जाडीएवढा वायचा (पुढे-मागचा) प्रवास कॉलमकडून, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबाकडून, कमी होतो. पुढे लावला तर टेबलाचे लॉक आणि स्टॉप आडवे येतात. छोट्या मशीनवर वायसाठी बारीक बॉडीचा स्केल घेणे शहाणपणाचे.

आता मुख्य मुद्दा. डिस्प्लेवरचा आकडा रीडिंग हेडच्या जागेचा असतो. भोक पडते ते कटरच्या जागी. या दोन जागांमध्ये 100-150 मिमी अंतर असते, आणि टेबल सरकताना जरा जरी तिरपे झाले तर त्या अंतरामुळे चूक तयार होते. अर्न्स्ट ॲबे यांनी 1890 मध्ये मांडलेले तत्त्व हेच सांगते: मोजपट्टी मोजायच्या रेषेतच हवी. मिलिंग मशीनवर ते शक्य नसते. जिब (स्लाइडमधली फट आवळणारी पट्टी) सैल असल्याने टेबल 500 मिमी लांबीत 0.05 मिमी तिरपे झाले, तर 150 मिमी अंतरावर 0.015 मिमीची चूक येते, म्हणजे डिस्प्लेच्या तीन पायऱ्या, आणि डिस्प्लेला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून स्केलचे खोके उघडण्याआधी स्लाइड साफ करा, तेल द्या आणि जिब आवळा. टेबलाच्या टोकाला लिव्हर डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापक) लावून हाताने पुढे-मागे ढकला. सुई किती हलते ते पाहा आणि हँडल जड न होता ती जितकी शांत करता येईल तितकी करा.

स्केल टेबलाच्या प्रवासाला समांतर हवा, पूर्ण लांबीत 0.1 मिमीच्या आत, वरच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही पृष्ठांवर. हे मापाच्या अचूकतेसाठी आहे असा समज असतो. हिशेब करून पाहिला तर 400 मिमीत स्केल 1 मिमी तिरपा असला तरी मापात जेमतेम 0.00125 मिमी फरक पडतो. खरा धोका वेगळा आहे: आतली गाडी छोट्या बेअरिंगवर काचेला धरून चालते, तिरप्या स्केलमध्ये ती एका टोकाला ओढली जाते, मग बेअरिंग झिजते किंवा काच ओरखडते.

बिडाच्या ओतीव भागाची बाजू दिसते तशी सपाट नसते. रंगाखाली पुट्टी असते आणि स्क्रू आवळल्यावर ती चुरते, म्हणून टेकणाऱ्या जागा धातूपर्यंत घासून घ्या. त्यावर 10 किंवा 12 मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी लावा, कोपऱ्यांत ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) ठेवा आणि डायल बघत पट्टी सरळ करा. वेड्यावाकड्या पृष्ठावर स्केल थेट आवळला की बॉडीच पिळते. एम5 साठी 4.2 मिमीचे, एम4 साठी 3.3 मिमीचे ड्रिल. बिडात आटे पाडताना तेल लागत नाही. पण काळी भुकटी स्लाइडमध्ये जाऊ देऊ नका, व्हॅक्यूमने ओढून घ्या. स्केलच्या रबरी ओठांचे तोंड खाली किंवा बाजूला असू द्या, वर कधीही नाही, आणि वरून पत्र्याचे कव्हर घाला.

हेडसोबत आलेले प्लास्टिकचे क्लिप, हेड मशीनला धरणारे ब्रॅकेट घट्ट होईपर्यंत, काढू नका. हेड आणि बॉडीमधली 1 ते 1.5 मिमीची फट तेच राखतात. ब्रॅकेट आणि हेडमध्ये अंतर राहिले तर शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला. स्क्रूने ओढून बसवलेले हेड कायम ताणाखाली राहते. सर्वाधिक घोळ पातळ ब्रॅकेटमुळे होतो. 2 मिमी पत्र्याची पट्टी दिशा बदलताना वाकते आणि बॅकलॅश मागच्या दाराने परत येतो. 6 मिमीचा अँगल वापरा. अंगठ्याने दाबल्यावर आकडा एका पायरीपेक्षा जास्त हलला, तर ब्रॅकेट बदला. टेबल दोन्ही टोकांपर्यंत हळूहळू नेऊन हेडला दोन्हीकडे 10 मिमी मोकळीक उरते याची खात्री करा, नाहीतर एका जोरदार फेऱ्यात काच जाते.

केबलला पूर्ण प्रवासाएवढा झोल ठेवा. मोटार व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) असेल तर तिच्या वायरीपासून स्केलच्या केबल लांब न्या आणि डिस्प्लेची बॉडी नीट अर्थ करा. नाहीतर स्पिंडल सुरू होताच आकडे आपोआप सरकतात.

तपासणी डायल आणि 100 मिमीच्या स्लिप गेजने (अचूक मापाच्या ठोकळ्याने) करा. टेबलावर एक स्टॉप पक्का करा, स्पिंडलमधल्या लिव्हर डायलने तो शून्यावर आणा, डीआरओही शून्य करा. मग स्टॉपला स्लिप गेज टेकवून त्याचा बाहेरचा चेहरा त्याच दिशेने डायलच्या शून्यावर आणा. 100.030 दिसले तर दर मीटर लांबीमागे 0.3 मिमीची दुरुस्ती डिस्प्लेत घालण्याचा मोह होईल. थांबा. आधी एकाच जागी दोन्ही दिशांनी येऊन पाहा. आकड्यांत फरक पडला तर दोष ब्रॅकेटचा किंवा जिबचा. 200 मिमीवरही तेवढीच 0.03 ची चूक असेल तरी काहीतरी सैल आहे. लांबीबरोबर चूक दुप्पट झाली, तरच दुरुस्तीचा आकडा घाला.

तापमानही लक्षात असू द्या. मे महिन्यात पुण्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये 35 अंशांना 300 मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब 20 अंशांच्या तुलनेत साधारण 0.1 मिमी लांबलेला असतो. काच त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढते. मशीन करून तापलेला जॉब लगेच मोजू नका.

झेडचा (वर-खालीचा) स्केल कॉलमवर लावला तर क्विलची (हेडमधून खाली उतरणाऱ्या, स्पिंडल धरणाऱ्या नळीची) हालचाल त्याला कळत नाही. क्विलने ड्रिलिंग करणार असाल तर त्याला वेगळा छोटा स्केल लावा, किंवा क्विल लॉक करून खोली नेहमी मशीनचे हेड खाली आणूनच घ्या.