चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी: अभिप्रायाच्या वहीतली गल्लत

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर एक अभिप्रायाची वही असते. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने दोन ओळी लिहायच्या. ही वही मी गेली अनेक वर्षं वाचते आहे. रहस्यकथा, प्रवासवर्णनं, शेतीची पुस्तकं, कवितासंग्रह, गुंतवणुकीची पुस्तकं, सगळ्यांवर लोक मनापासून लिहितात आणि बहुतेक वेळा नेमकं लिहितात. एकाच जागी हमखास घोळ होतो. ऐतिहासिक कादंबरीखाली अभिप्राय असतो: 'खरा इतिहास कळला.' त्याच व्यक्तीच्या चरित्राखाली असतो: 'रुक्ष. संवाद नाहीत. माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही.' पुष्कळदा दोन्ही अभिप्राय एकाच हस्ताक्षरात असतात.

चरित्रात्मक कादंबरी कशी असते हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 मध्ये आली, शिवाजी सावंतांची 'छावा' 1979 मध्ये. मधल्या काळात ना. सं. इनामदारांची 'राऊ' आली. आपल्यापैकी कितीतरी जण या पुस्तकांवरच वाढले. मीही त्यातलीच. म्हणून कादंबरीबद्दल इथे फार बोलत नाही.

वरवरचे फरकही लवकर उरकते. चरित्र जाड असतं आणि कादंबरी सुटसुटीत असते, असं काही नाही. चरित्रात फोटो असतात, कादंबरीत नसतात, यानेही काही ठरत नाही. चरित्र जन्मापासून सुरू होऊन मृत्यूपाशी संपलंच पाहिजे असाही नियम नाही. आणि 'एक खरं, दुसरं खोटं' हा फरक तर मुळीच नाही. थेऊरला 18 नोव्हेंबर 1772 रोजी माधवराव पेशवे क्षयाने गेले, तेव्हा ते जेमतेम 27 वर्षांचे होते आणि रमाबाई सती गेल्या. हे इतिहासात आहे आणि 'स्वामी'तही आहे.

खरा फरक एका प्रश्नात आहे: हे लेखकाला कुठून कळलं?

चरित्रकाराला प्रत्येक वाक्यापाशी या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. कादंबरीकाराला ते द्यावं लागत नाही. थेऊरच्या मुक्कामात माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले, हे टिपून ठेवायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं. 'स्वामी'तले ते संवाद देसाईंचे आहेत, आणि त्यांचं मोठेपण त्यातच आहे. पेशव्यांचं वाक्य म्हणून ते लग्नपत्रिकेवर किंवा व्हॉट्सअॅपवर आलं की मला वाईट वाटतं. देसाईंचं श्रेय त्यात बुडतं आणि माधवरावांच्या तोंडी न बोललेलं बोलणं बसतं.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी 1968 ची. तिच्यावर नाटक झालं, 2019 मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. आमच्या वहीत आनंदीबाईंवर जे लिहिलं जातं त्यातलं बहुतेक या कादंबरीतून किंवा चित्रपटातून आलेलं असतं. गोपाळराव विक्षिप्त होते, तापट होते, अमुक प्रसंगी अमुक म्हणाले, वगैरे. आता चरित्रांकडे या. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, सोबत पत्रंही दिली. पुढे अंजली कीर्तने यांनी अमेरिकेपर्यंत जाऊन कागदपत्रं धुंडाळली आणि नवं चरित्र सिद्ध केलं. आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेलं एक पत्र आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत, याची त्यात त्यांनी आठवण दिली आहे. ही वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं कठीण आहे, असंही त्या म्हणतात. हेतू पाहिला तर योग्य, पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहिलं तर चूक, असा त्यांचा निवाडा आहे.

हे पत्र वाचताना माझे हात थांबले होते. नवऱ्याने शिकवलेली, नवऱ्याच्याच हट्टापायी साता समुद्रांपलीकडे गेलेली विशीच्या आतबाहेरची मुलगी त्याच नवऱ्याला इतक्या तोलून लिहिते. कादंबरीतल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा हे मला जास्त हलवून गेलं, कारण इथे 'कुठून कळलं' याचं उत्तर समोर आहे: त्यांनी स्वतः लिहिलं. 'चरित्रात माणूस दिसत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र वाचावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट त्या भाषेची. चरित्रकार लिहितो: 'असावे', 'बहुधा', 'याला समकालीन पुरावा नाही'. वहीत यावर तक्रार असते: 'लेखकालाच खात्री नाही.' अहो, त्या 'असावे'मागे महिन्यांचं काम असतं. संभाजीराजांबद्दलच्या कितीतरी वाईट गोष्टी ज्या मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून पसरल्या, ती बखर 19व्या शतकाच्या सुरुवातीची. संभाजीराजांचा वध झाला 1689 मध्ये. म्हणजे मध्ये शंभराहून अधिक वर्षं गेलेली. शिवाय हे मल्हार रामराव म्हणजे शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वंशज, आणि बाळाजी आवजींना संभाजीराजांनीच देहदंड दिला होता. बखर वाचताना हे सगळं ध्यानात ठेवायचं, तिच्यातलं प्रत्येक विधान त्या काळच्या पत्रांशी आणि परकीयांच्या नोंदींशी ताडून पाहायचं, मग काय उरतं ते सांगायचं. वा. सी. बेंद्र्यांनी हे काम अनेक दशकं केलं आणि 1960 मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे कमल गोखल्यांनीही 'शिवपुत्र संभाजी' लिहिलं. नाटकांनी रंगवलेला व्यसनी, बेजबाबदार राजपुत्र मागे पडला तो अशा कामामुळे. 'छावा' त्यानंतरची. कादंबरीतला तेजस्वी राजा ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन आधी संशोधकांनी साफ केली, हे 'छावा'खाली अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला ठाऊक असतं. 2025 च्या चित्रपटानंतर तर कादंबरीसाठी आमच्याकडे रांग लागली होती. बेंद्र्यांचं पुस्तक त्याच कपाटात, दोन खण खाली, तसंच होतं.

माझी सर्वात जुनी चीड संदर्भसूचीवरून होणाऱ्या फसगतीची आहे. कादंबरीच्या शेवटी पंचवीस पुस्तकांची यादी दिसली की वाचक म्हणतात, 'बघा, संदर्भ दिलेत, म्हणजे खरं आहे.' यादी इतकंच सांगते की लेखकाने अभ्यास केला. पान 212 वरचं वाक्य कुठून आलं ते ती सांगत नाही. चरित्रात तळटीप असते आणि ती नेमक्या त्या वाक्याला बांधलेली असते. पुस्तक हातात घेतल्यावर दहा सेकंदांत हे पाहता येतं. एखाद्या खासगी संवादाचं पान उघडा आणि खाली पाहा. आधार दिला असेल तर तुम्ही चरित्र वाचताय. नसेल, आणि तरी अवतरणचिन्हांत घरातलं बोलणं चाललं असेल, तर ती कादंबरी आहे, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. दोन्ही प्रकार एकाच पुठ्ठ्यात पाहायचे असतील तर 'श्रीमान योगी' उघडा. सुरुवातीला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे, त्यात पुराव्यांची चिकित्सा आहे, शंका आहेत, युक्तिवाद आहेत. मग देसाईंची कादंबरी सुरू होते आणि लिहिण्याची जातच बदलते. ती प्रस्तावना बहुतेक वाचक ओलांडून जातात, याचं मला दुःख आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. 'इतिहासाचा विपर्यास' म्हणून कादंबरी झोडपणारे अभिप्राय मी वाचते तेव्हा मला कादंबरीकाराची बाजू घ्यावीशी वाटते. मनात शिरण्याची मुभा घेऊनच तो लिहायला बसतो. त्या मनाचा ताळ त्याच्याच पुस्तकात लागत नसेल तर त्याला जरूर धरा, भाषा त्या काळाची वाटत नसेल तर धरा. तारीख आणि ठिकाण चुकलं असेल तर तेही सांगा. पण 'हा संवाद कुठल्या कागदात आहे?' हा प्रश्न त्याला विचारू नका.

असंच छोटं प्रकरण पु. लं.च्या दोन पुस्तकांचं. 'गणगोत'मधली माणसं खरी आहेत, बेळगावचे रावसाहेब, पु. लं.चे आजोबा ऋग्वेदी. 'व्यक्ती आणि वल्ली'मधली त्यांनी रचलेली. तरी अंतू बर्व्याचं रत्नागिरीतलं घर नेमकं कुठे, अशी विचारणा वहीत दर वर्षी असतेच.

आधी काय वाचावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी चरित्र. कादंबरी आधी वाचली की तिचे आवाज कानात पक्के बसतात, मग चरित्रातलं 'पुरावा नाही' हे आपलं काही हिरावून घेतल्यासारखं वाटतं. चरित्र आधी वाचलं की कादंबरीकाराने कुठे उडी मारली ते दिसतं आणि त्या उडीचा आनंद घेता येतो. मी 'स्वामी' दुसऱ्यांदा अशी वाचली, आणि ती मला पहिल्यापेक्षा जास्त आवडली.

मागच्या महिन्यात आनंदीबाईंचं चरित्र परत आलं. वहीत त्याखाली शाळकरी वळणाच्या अक्षरात एकच ओळ होती: 'गोपाळरावांना लिहिलेलं मूळ पत्र आता कुठे ठेवलं आहे?'