थेंब ओलाच पोहोचला पाहिजे

५४ मिलिमीटर उंचीच्या सैनिकाच्या छोट्या मूर्तीचा कोट एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या साधनाने, रंगवला आणि वाळल्यावर बोटाला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला, की बोल बहुधा रंगाला लागतो. दोष असतो वाटेतच सुकलेल्या थेंबांचा.

नोझलमधून हवा वेगाने सुटते, तिथला दाब उतरतो, रंग सुईच्या टोकाकडे ओढला जातो आणि त्याचे तुषार होतात. थेंबाचा व्यास निम्मा झाला, तर तो वाळायला साधारण एक चतुर्थांशच वेळ लागतो. दाब वाढवला की थेंब बारीक होतात. त्यात एअरब्रश १५ सेंटिमीटरवर धरला, तर ॲक्रिलिक रंगाची मूर्तीपर्यंत पोहोचेतो भुकटीच होते. उलट, पातळ रंग फार जवळून मारला की हवेचा झोतच त्याला ढकलतो आणि कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात.

०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ ते २० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब आणि ५ ते ७ सेंटिमीटर अंतर, इथून सुरुवात करावी. रंग दुधाइतका पातळ हवा. एअरब्रशवरच्या रंगाच्या कपाच्या आतल्या भिंतीवर चढवून पाहा: सहज ओघळला आणि मागे झिरझिरीत थर राहिला, तर जमलं. पातळ करायला किती थेंब घातले ते मोजण्यापेक्षा ही खूण भरवशाची, कारण प्रत्येक बाटलीतला रंग निराळा. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. क्रम चुकला तर पुढच्या फवाऱ्याला ठिपका ठरलेला.

एअरब्रशची खरी मजा छायाप्रकाशात आहे. सगळीकडून काळा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), मग तिरप्या कोनातून राखाडी आणि शेवटी फक्त वरून पांढरा. चुण्यांच्या तळाशी पांढरे तुषार पोहोचत नाहीत, म्हणून सावली आपोआप उरते. त्यावर रंगाचे पारदर्शक थर द्यायचे. डोळे आणि गुंड्या मात्र साध्या ब्रशनेच.

रंग मध्येच अडखळू लागला, तर सुईच्या टोकावर तो वाळलाय. ओल्या कापूसकाडीने पुसा. रंग सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरचे एक-दोन थेंब घातले तर हे कमी होतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात दुसरीच कटकट: कॉम्प्रेसरमध्ये दाबलेली दमट हवा नळीत थंड होते, तिच्यातलं पाणी सुटतं आणि रंगात थुंकल्यासारखं पडतं. नळीवर हे पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप बसवावाच. आणि पाण्यात मिसळणारा रंग असला तरी एन-९५ मास्क हवा. फुफ्फुसाला तुषार तुषारच.