सोन्यारुप्याच्या मूर्ती: स्तोत्र ११५ की १३५?

मूर्तींना तोंड आहे पण त्या बोलत नाहीत, डोळे आहेत पण दिसत नाही, हे बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं वचन कुठलं? कुणी स्तोत्र ११५ म्हणेल, कुणी १३५, आणि दोघंही बरोबर. ११५ मधली ४ ते ८ आणि १३५ मधली १५ ते १८ ही वचनं जवळजवळ सारखीच आहेत. गफलत होते ती एकाचा अर्थ दुसऱ्याला लावताना.

११५ मध्ये आधी एक टोमणा आहे: यांचा देव आहे तरी कुठे? दाखवायला मूर्ती नसलेल्या इस्राएलला इतर राष्ट्रं डिवचताहेत. त्यावर उत्तर येतं, आमचा देव स्वर्गात आहे, त्याला हवं ते तो करतो. मग मूर्तींची झडती सुरू होते: तोंड, डोळे, कान, नाक, हात, पाय, शेवटी घसा. यातलं नाक मला सगळ्यात बोचरं वाटतं. बॅबिलोनमध्ये नव्या मूर्तीचं तोंड धुण्याचा विधी असे. तो झाल्याशिवाय तिला धुपाचा वास येत नाही, असं तिथल्या विधीतच म्हटलेलं आहे. कारागीर तर ‘ही मी घडवली नाही’ अशी शपथ घेत. स्तोत्र म्हणतं, माणसाच्याच हातचं काम आहे, आणि वास काही येत नाही.

खरा घाव आठव्या वचनात आहे. मूर्ती घडवणारे आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणारे त्यांच्यासारखेच होतात. लगेच इस्राएल, अहरोनाचं घराणं (म्हणजे याजक) आणि परमेश्वराचं भय धरणारे यांना बजावलंय की भरवसा परमेश्वरावर ठेवा. परक्यांची टर उडवण्यापुरतंच हे वाचणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. पुढे १७व्या वचनात निःशब्दतेत उतरलेले मृत येतात, ज्यांना स्तवन करता येत नाही. मुक्या मूर्तींसारखं होणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

१३५ मध्ये कुणी डिवचलेलं नाही. ते पहिल्यापासून स्तवन आहे. मूर्तींचा विषय निघण्याआधी परमेश्वराची करणी सांगून होते: ढग, विजा, पाऊस, भांडारातून काढलेला वारा, मिसरातल्या (इजिप्तमधल्या) प्रथमजन्मलेल्यांचा संहार, अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानचा राजा ओग यांचा वध. म्हणून झडती आखूड आहे. वास न येणारं नाक, हात, पाय, घसा गाळलेत आणि तोंडात श्वास नाही एवढं म्हटलंय. वारा सोडणाऱ्यापुढे या मूर्तींना श्वाससुद्धा नाही. शेवटी ‘भरवसा ठेवा’च्या जागी ‘धन्यवाद करा’ येतं, आणि ११५ मध्ये नसलेलं लेवीचं घराणंही, ज्यांच्याकडे मंदिरातलं गायन होतं.