शिकारी कुत्र्याचं नाव छोटंच का ठेवतात? गोष्ट बरीच जुनी आहे

घरात पाळायच्या कुत्र्याला काहीही नाव ठेवा, फारसं बिघडत नाही. शिकारी कुत्र्याचं तसं नाही. तो लांब झाडीत घुसलेला असतो, नाकात वास भरलेला, आजूबाजूला आणखी चार कुत्री, वारा उलटा, आणि अशा वेळी तुमच्याकडून त्याच्यापर्यंत काय पोचणार तर फक्त आवाज. म्हणून शिकारी लोकांनी नावाचा विचार फार आधीपासून केलाय, आणि मला सगळ्यात भारी हे वाटतं की जवळपास 2400 वर्षांपूर्वीचा सल्ला आजही जसाच्या तसा चालतो.

तो सल्ला झेनोफनचा. अथेन्सचा माणूस, सॉक्रेटिसचा शिष्य, सैन्याचं नेतृत्व केलेला आणि शिकारीचा प्रचंड नाद असलेला. त्याच्या नावावर असलेल्या शिकारीच्या पुस्तकात तो सांगतो की कुत्र्यांची नावं छोटी ठेवा, म्हणजे हाक मारायला सोपी जातात, आणि मग नुसतं सांगून थांबत नाही तर 47 नावांची यादीच देतो. थुमोस म्हणजे धमक, फुलाक्स म्हणजे राखणदार, बिया म्हणजे जोर, आक्टिस म्हणजे किरण, होर्मे म्हणजे मुसंडी. सगळी उच्चारात दोन तुकड्यांची. आता हीच नावं मोकळ्या मैदानात ओरडून बघा, पहिला तुकडा कान टवकारायला लावतो आणि दुसरा लांबवता येतो.

पुढे इ.स. च्या पहिल्या शतकात रोमन लेखक कोलुमेला यानं शेतीवर लिहिताना हाच मुद्दा आणखी पक्का केला. त्याच्यासमोर राखणीची कुत्री होती, पण नियम तोच: नाव फार लांब नको म्हणजे कुत्रा पटकन ऐकतो, पण दोन तुकड्यांपेक्षा कमीही नको. ही खालची मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते कारण एकाच तुकड्याचं नाव वाऱ्यात विरून जातं, नाहीतर एखाद्या हुकमासारखं ऐकू येतं.

नावं ठेवायची पद्धत अर्थात झेनोफनच्याही खूप आधीची. इजिप्तचा राजा दुसरा इंतेफ, साधारण इ.स.पू. 2100 च्या आसपासचा, त्याच्या थडग्यातल्या शिळेवर त्याची कुत्री नावांसकट कोरलीत. गंमत म्हणजे ती नावं इजिप्शियन नाहीत, पश्चिमेकडच्या लिबियन बोलीतली आहेत, म्हणून काहींच्या बाजूला अर्थ लिहून ठेवावा लागला, जसं बेहकाई म्हणजे हरीण. माझा अंदाज असा की कुत्रा बाहेरून आला तेव्हा नाव सोबत घेऊनच आला, ज्या नावाला तो ओ द्यायला शिकलाय ते कोण कशाला बदलेल.

मग युरोपात मोठमोठे ताफे आले आणि प्रश्नच बदलला. पन्नास-साठ कुत्री एकत्र, म्हणजे नाव नुसतं छोटं असून भागत नाही, दुसऱ्यापेक्षा वेगळंही ऐकू यायला हवं. 15व्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात शिकारी कुत्र्यांसाठी तब्बल 1065 नावं लिहून ठेवलीत! त्यात ‘नोजवाइज’ असं एक आहे, म्हणजे नाकानं शहाणा, मला ते फार आवडतं. कुत्र्यांकडे कामाला ठेवलेल्या पोरांना आधी प्रत्येक कुत्र्याचं नाव आणि रंग पाठ करायला लागायचा.

1781 मध्ये पीटर बेकफोर्ड या इंग्रज शिकाऱ्यानं शिकारीवरच्या पुस्तकात नावांची लांबलचक यादी दिली आणि एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची पद्धतही सांगितली, त्यामुळे कोण कुणाचं भावंड हे नावावरूनच कळतं. फ्रान्समध्ये आज जातिवंत कुत्र्यांसाठी वर्षाचं अक्षर ठरलेलं असतं, 2005 ला ए होतं, वीस अक्षरांची फेरी पूर्ण होऊन 2025 ला परत ए आलं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या कोल्ह्यामागे धावणाऱ्या ताफ्यात व्हल्कन, म्युझिक, स्वीट लिप्स अशी नावं होती. आवाजाचं कौतुक त्या ‘म्युझिक’ मध्येच आलं, ताफ्याचं भुंकणं शिकाऱ्याला खरंच संगीत वाटतं.

बंदूक आल्यावर कामाची पद्धत बदलली. पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या रिट्रीवरला तर नाव हाच हुकूम असतो. दोन-तीन कुत्री शेजारी शांत बसलेली असतात, सगळ्यांनी पक्षी पडताना बघितलेला असतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानंच सुटायचं. इथं ‘रोव्हर’ आणि ‘रोझर’ एकत्र ठेवले तर दोघंही धावणार, आणि ‘बो’ नाव ठेवलं तर ‘नो’ म्हटल्यावर तो बिचारा काय समजणार. म्हणून जातिवंत कुत्र्याचं कागदावरचं नाव कितीही लांब असू दे, मैदानात हाकेचं नाव वेगळंच असतं, आणि ते बहुतेक वेळा दोन तुकड्यांचंच निघतं.

झेनोफनच्या यादीतलं होर्मे तर पुढेही टिकलं. त्याच्यानंतर सुमारे 500 वर्षांनी आरियन नावाच्या लेखकानं शिकारीवर पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःच्या लाडक्या कुत्रीबद्दल भरभरून लिहिलंय, ती किती वेगवान, किती मायाळू, घरात कशी पायापायात असते. तिचं नाव होर्मे.